बाबांच्या एका प्रश्नाबद्दल, दोघांनाही

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

पत्र हातात पडल्यावर तुम्ही आधी घाबराल, म्हणून सुरुवातीलाच सांगते, इकडे सगळं ठीक आहे. फोन तर रोज होतो, पण फोनवर आपण तिघंही गोळ्या, झोप आणि पायांची सूज यांच्या पलीकडे जात नाही. बाबा, परवा तुम्ही जे बोललात त्याचं उत्तर तेवढ्यात देण्यासारखं नव्हतं.

तुम्ही म्हणालात, "आमचं आता काय राहिलंय? कर्तव्यं झाली, तुम्ही मुलं मार्गी लागलात, मित्र एकेक करून गेले. आता नुसते दिवस ढकलायचे." आवाजात चिडचिड नव्हती, तक्रारही नव्हती. हिशेब लिहून वही मिटावी तसं बोललात, आणि म्हणूनच ते माझ्या डोक्यातून जाईना.

आई, तू मागून "काहीतरीच काय बोलता" म्हणत विषय बदललास. पण त्याच आठवड्यात तू मला सांगितलंस ते काही वेगळं नव्हतं. ऑपरेशन झाल्यापासून रोज देवासमोर बसतेस, पण मन लागत नाही. ओठ चालू असतात आणि आत सगळं कोरडं. इतकी वर्षं जे जीव ओतून केलं ते आता उरकल्यासारखं होतं, आणि हे कोणाला सांगायचीही लाज वाटते. हे पत्रात लिहू का, असं तुला विचारलं तेव्हा तू जरा वेळ गप्प राहिलीस आणि मग "लिही" म्हणालीस. म्हणून लिहितेय. मला वाटतं, एकाच खोलीत समोरासमोर बसून तुम्ही दोघं एकच दुखणं एकमेकांपासून लपवताय.

माझ्या कामाबद्दल तुम्ही फारसं विचारत नाही. मला त्रास होईल, असं वाटत असावं. ज्या वॉर्डात आजार बरा होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी करण्यासारखं खूप असतं, तिथे लेक दिवसभर काय बघत असेल, याची तुम्हाला धास्ती वाटते. पण पॅलिएटिव्ह वॉर्ड उदास नसतो. जगण्याबद्दल इतकं सरळ बोलणं मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही. आयुष्याचा अर्थ काय, असं तिथे कोणी विचारत नाही. विचारतात ते असं: ती येऊन गेली का? त्याला कळवलंत का? माझ्यामुळे तुमचं जेवण राहिलं का?

एक आजोबा होते. कोण, कुठले, ते सांगत नाही. त्यांच्याकडे पत्त्यांची एक जुनी डायरी होती, कोपरे झिजलेली, रबरबँड लावलेली. पानापानांवर नावं खोडलेली. राग येऊन खोडलेली नव्हती, पट्टी धरून मारावी तशी एकेक सरळ रेघ. एका दुपारी त्यांनी न खोडलेल्या एका नावावर बोट ठेवलं आणि मला नंबर फिरवायला सांगितला. पलीकडेही एक म्हातारा आवाज. कित्येक वर्षांत दोघांचं बोलणं नव्हतं. मला वाटलं, आता काही मोठं बोलतील, निरोपाचं, क्षमेचं. तर दोघं कॉलेजातल्या एका सायकलीवर घसरले. ती सायकल कोणी परत केली आणि कोणी नाही, यावर चांगला वाद झाला. फोन ठेवल्यावर आजोबांनी उशी उंच करून मागितली आणि म्हणाले, "अजून तसाच आहे." चेहऱ्यावर जे समाधान होतं ते आम्ही दिलेल्या कोणत्याही औषधाचं नव्हतं.

बाबा, आता तुमच्या प्रश्नाकडे येते. आमच्या कामाची पद्धत ज्यांच्यामुळे उभी राहिली त्या सिसिली साँडर्स यांची गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितलेली नाही. 1947 मध्ये त्या लंडनमध्ये रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करत होत्या. तिथे त्यांना डेव्हिड टास्मा नावाचा एक रुग्ण भेटला. पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित, हॉटेलात वेटरचं काम करणारा, वय चाळिशीच्या आसपास, कॅन्सर ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. त्या शहरात त्याचं रक्ताचं कोणी नव्हतं. आपण काहीच केलं नाही, आपण जगलो त्याची खूण कुठे राहणार नाही, हे त्याला फार खुपायचं. त्याच्या शेवटच्या काही आठवड्यांत ती दोघं बोलत राहिली. त्याच्यासारख्या माणसांना शेवटचे दिवस नीट घालवता येतील अशी एक जागा असायला हवी, हे त्या बोलण्यातून पुढे आलं. 1948 मध्ये तो गेला आणि जाताना आपल्याजवळचे 500 पौंड त्यांना देऊन गेला. तुमच्या घरातली मी एक खिडकी होईन, असं त्यानं म्हटलं होतं. साँडर्सबाई आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, आणि या कामासाठी पुढे त्या डॉक्टरही झाल्या. 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झालं. त्या खिडकीभोवती घर बांधायला 19 वर्षं लागली, असं त्या सांगत. 2005 मध्ये त्यांनी शेवटचा श्वास घेतला तोही त्याच हॉस्पिसमध्ये.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला साँडर्सबाईंचं कौतुक वाटलं. आता मी त्या टास्माचा जास्त विचार करते. त्याच्या हातात काही आठवडे होते. नोकरी गेलेली, शरीर गेलेलं, घरचं कोणी नाही. "माझं काय राहिलंय" हे म्हणायचा हक्क त्याच्याइतका कोणाला असेल? आणि त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्या आठवड्यांतच झाली, तीही एका माणसाशी मनापासून बोलल्यामुळे. त्यातून काय उभं राहिलं ते बघायला तो नव्हता. आज जगभरातल्या अशा वॉर्डांत, माझ्याही वॉर्डात, ज्या पद्धतीनं रुग्णाजवळ बसतात तिच्यात त्याचा वाटा आहे.

म्हणून मला वाटतं, "आमचं काय राहिलंय" याचा हिशेब ज्याचा त्यानं करूच नये. तो त्याला एकट्याला दिसतच नाही. छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल हाच प्रश्न उलटा करायला सांगत. आयुष्याकडून आपल्याला आता काय मिळणार, हे बाजूला ठेवायचं आणि आयुष्य आत्ता, आज, आपल्याकडून काय मागतंय ते बघायचं. अर्थ कामातून मिळतो, प्रेमातून मिळतो आणि जे टळणारच नाही ते आपण कसं सोसतो त्यातूनही मिळतो, असं ते म्हणत. बाबा, यातलं फक्त पहिलं निवृत्तीबरोबर संपतं. तेही पूर्ण नाहीच.

पण मला माहीत आहे, तुमचं खरं दुखणं कर्तव्यं संपल्याचं नाही. काका गेल्याचं आहे.

तुम्ही त्यांच्याबद्दल बोलत नाही. मला मात्र ते नेहमी त्यांच्या चष्म्यासकट आठवतात. दर काही महिन्यांनी त्यांच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला व्हायचा आणि ते तो घेऊन तुमच्याकडे यायचे. चष्म्याच्या दुकानात हे दोन मिनिटांचं काम. तुम्ही खण उघडून तो बारीक स्क्रूड्रायव्हर काढायचात, खिडकीजवळ उजेडात बसायचात, चष्मा नाकासमोर धरून स्क्रू आवळायचात, आणि मग स्वतःच्या रुमालानं काचा पुसून त्यांना द्यायचात. तोवर ते चष्म्याशिवाय, मिचमिच्या डोळ्यांनी, देव आहे की नाही यावर तुमच्याशी भांडत असायचे. ते इतके श्रद्धाळू, तुम्ही हे असे. इतक्या वर्षांत दोघांपैकी कोणी तसूभर हललं नाही आणि वाद थांबला म्हणून कोणाला हायसंही वाटलं नाही. मैत्री म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगितलेलं नाही, पण तुम्हा दोघांना बघून कळलं.

असा माणूस गेल्यावर त्याची जागा भरत नाही. भरावी, असंही मी म्हणणार नाही. ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये समाधी घेतली तेव्हाचा नामदेवांचा शोक त्यांच्या समाधीच्या अभंगांत आहे. स्वतः भक्तीत बुडालेला माणूस, देव ज्याच्याशी बोलतो अशी ज्याची ख्याती, तोही मित्र गेल्यावर कळवळून रडतो. श्रद्धा असली की दुःख होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी ते अभंग वाचावेत. परंपरेप्रमाणे नामदेव त्यानंतर 1350 पर्यंत, म्हणजे 54 वर्षं जगले. उत्तरेत लांबवर गेले, पंजाबात राहिले. त्यांची 61 पदं शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एवढं सगळं त्या शोकानंतरचं आहे. मित्र विसरले म्हणून ते पुढे गेले असतील, हे मला पटत नाही. बरोबर घेऊनच गेले असणार.

बाबा, काकूंना फोन करा. त्यांना उगाच काकांची आठवण येईल, म्हणून तुम्ही टाळता, असं आई म्हणाली. त्यांना आठवण यायला तुमच्या फोनची गरज नाही. आमच्याकडे माणूस गेल्यानंतर काही महिन्यांनी आम्ही घरच्यांना फोन करतो. एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकते, की लोक भेटतात, तब्येत विचारतात, पण गेलेल्याचं नाव कोणी घेत नाही. त्या माणसाचं नाव दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकायला जीव आसुसलेला असतो. काकांच्या शेकडो गोष्टी आज फक्त तुमच्याकडे आहेत. काकूंना त्यांतल्या निम्म्या माहीतही नसतील. चष्म्याची गोष्ट सांगा. तो स्क्रू ते मुद्दाम ढिला करायचे का, ते त्यांना विचारा. मला लहानपणापासून तसा संशय आहे.

आणि नवीन माणसांनाही दार बंद करू नका. या वयात कुठली मैत्री, असं तुम्ही म्हणाल. वय वाढतं तसा माणूस आपला गोतावळा लहान करतो आणि जवळच्यांनाच वेळ देतो, हे स्वाभाविक आहे. मानसशास्त्रानंही ते नोंदवलंय, त्यात काही बिघडलेलं नसतं. पण लहान करणं वेगळं आणि शून्यावर आणणं वेगळं. 2010 मध्ये 148 अभ्यास एकत्र करून, तीन लाखांवर लोकांची माहिती तपासली गेली. ज्यांची नाती घट्ट होती त्यांची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण 50 टक्क्यांनी जास्त निघाली. तुम्हाला आकडे आवडतात म्हणून हा दिला. आणखी एक देते. ओळखीच्या माणसाचा जवळचा मित्र व्हायला साधारण 200 तासांच्या वर एकत्र वेळ जावा लागतो, असं एका अमेरिकी संशोधकाला आढळलं. मला, दादाला असा वेळ काढताना मारामार होते. तुमच्याकडे तो आहे. शेजारी राहायला आलेले गृहस्थ तुम्हाला दोनदा चहाला बोलावून गेले. एकदा जाऊन तर बघा. पटलं नाही तर नका जाऊ परत.

आई, आता तुझ्याशी. साँडर्सबाईंनी एक गोष्ट मांडली, ती आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. एका बाईंना त्यांनी दुखण्याबद्दल विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की सुरुवात पाठीपासून झाली, पण आता माझं सगळंच बिघडल्यासारखं वाटतं. त्यावरून साँडर्सबाईंनी म्हटलं की वेदना फक्त शरीराची नसते. मनाची असते, घरच्या काळजीची असते आणि देवाशी, श्रद्धेशी, आपण कशासाठी जगतोय याच्याशी जे नातं असतं त्याचीही असते. या चौघी वेगळ्या राहत नाहीत, एकीचं दुसरीला लागतं. तुझे टाके सुकले, रिपोर्ट चांगले आले, आणि आम्ही सगळ्यांनी धरून चाललो की तू बरी झालीस. आतलं दुखणं मात्र तसंच राहिलंय, त्याला वेळ लागणार आहे. प्रार्थना कोरडी होणं हा त्यातलाच भाग आहे. ते पाप नाही, शिक्षा नाही, आणि तुझी भक्ती खोटी होती याचा पुरावा तर मुळीच नाही.

मदर तेरेसा 1997 मध्ये गेल्या. दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा लोक चक्रावले. देव जवळ आहे असं आतून जाणवतच नाही, सगळा अंधार आहे, असं त्या आपल्या मार्गदर्शक धर्मगुरूंना वर्षानुवर्षं लिहीत होत्या. आयुष्यातली कितीतरी दशकं. तरी रोज सकाळी प्रार्थनेला बसायच्या आणि मग उठून कामाला लागायच्या. काहींना ते ढोंग वाटलं. मला त्यांच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. जाणवत असताना विश्वास ठेवणं सोपं आहे गं. काहीच जाणवत नसताना तू रोज तिथे जाऊन बसतेस, याला मी श्रद्धा म्हणते.

बाबा, तुम्हाला वाटेल हा भाग तुमच्यासाठी नाही. आहे. आई दवाखान्यात होती तेव्हा तिला चष्मा लावून वाचवत नव्हतं, शब्द हलायचे. तुम्ही रोज सकाळी तिचं स्तोत्रांचं पुस्तक काढून तिला मोठ्यानं वाचून दाखवत होतात. देव न मानणारा माणूस, एकही ओळ न गाळता, जोडाक्षरांवर अडखळत, पुन्हा मागे जाऊन नीट म्हणत. नर्सनं मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचे बाबा फार धार्मिक आहेत का?" मी हो म्हटलं. मला ते खरंच वाटतं. तुमचा देवावर विश्वास नसेल, पण आईवर आहे, आणि तिला जे पवित्र आहे ते तुमच्या हातून कधी पडलेलं नाही. मी वाढले ते अशा घरात. एकीनं मला विश्वास ठेवायला शिकवलं, एकानं प्रश्न विचारायला, आणि दोघांनी मला आपापल्या बाजूला ओढलं नाही. मैत्रिणींच्या घरी यावरून भांडणं होताना बघितली तेव्हा मला याची किंमत कळली.

मी स्वतः कुठे आहे, असं आईनं मागे विचारलं होतं. वॉर्डात शिरण्याआधी हात धुताना मी क्षणभर डोळे मिटते. समोर कोणी ऐकतंय की नाही ते मला माहीत नाही. पण त्या क्षणाशिवाय मी आत जात नाही. सध्या इथे आहे मी.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त बोलायची आहे. "तुमच्यावर भार नको" हे तुम्ही दोघंही सारखं म्हणता. औषधं आणायला सांगत नाही, डॉक्टरकडे जाऊन आल्यावर कळवता, बाबा पडले ते मला आठवड्यानं समजलं. कृपा करून हे थांबवा. रोज मी परक्या माणसांच्या पायांना तेल लावते, त्यांना कूस बदलून देते, पाण्याचा घोट देते, आणि ते ओशाळून म्हणतात, "किती करता हो आमचं." त्यांना माहीत नसतं की ते मला किती देतात. आपलं शरीर दुसऱ्याच्या हाती सोपवण्याइतका विश्वास कोणी टाकणं ही लहान गोष्ट नाही. तो विश्वास मला परके देतात आणि आई-बाप देत नाहीत, हे मला लागतं. मला तुमची सेवा करून पुण्य मिळवायचं नाहीये. मला तुमच्या आयुष्यात असायचं आहे, आत्ता, या भागातही. लहानपणी मला ताप आला की तुम्ही भार मोजलात का?

तर माझं मागणं असं. बाबा, या रविवारी काकूंना फोन. आई, सकाळी बाबांना सांग पुन्हा वाचून दाखवायला. आता तुला स्वतःला वाचता येतं हे मला माहीत आहे, तरी सांग. काही दिवस तुझ्या वाटचं त्यांना म्हणू दे, तू नुसती ऐक. मन लागलं तर लागलं. नाही लागलं तरी त्यांना सांग की आज लागलं नाही. ते हसणार नाहीत. आणि मग बाबांनी आपला तो दिवस ढकलण्याचा विषय तुझ्यासमोर काढावा, माझ्यासमोर नाही. पन्नास वर्षं होत आली तुमच्या संसाराला, एवढं एकमेकांना सांगायला मी मध्ये कशाला?

पत्राचं उत्तर पत्रानंच हवंय. बाबा, "आई लिहील" असं चालणार नाही. तुम्ही दोन ओळी लिहा, माझं म्हणणं पटलं नसेल तर तेही लिहा. काकांशी भांडायचात तसं माझ्याशी भांडा. मी हलणार नाहीये.

तुमची,
लेक

ता. क. आई, पुढच्या तपासणीची तारीख मिळाली की त्याच दिवशी कळव, झाल्यावर नको. मी रजा टाकून येतेय आणि आत डॉक्टरांसमोर तुझ्याबरोबर मीही बसणार आहे.